कापड विकत कशाला, घरीच रंगव

सोलापूर

प्रिय वैशाली,

कोलाजला, म्हणजे मी कापडाच्या तुकड्यांची चित्रं करते त्यांना, कापड कुठून घेतेस असं तू विचारलंस आणि मी फोनवर नंतर सांगते म्हणाले, कारण ते दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाहीच. आता निवांत लिहायलेय. मी फक्त कोरं कापड विकत घेते गं, रंगवते घरीच. दुकानातलं छापील कापड कितीही छान असू दे, त्यावर दुसऱ्या कुणीतरी आधीच चित्र काढलेलं असतं, आपण तुकडा कापला तरी ते फूल मधेच डोकावतं. आणि प्लेन घ्यावं तर ते इतकं एकसारखं की त्याचं आभाळ केलं तर भिंत वाटते. हाताने रंगवलेल्या कापडात रंग कुठे दाटतो कुठे विरळ होतो, त्यातच कधी आभाळ सापडतं कधी शेताची ढेकळं. म्हणून माझं ठाम मत असं की आधी कापड करायचं, भरपूर करायचं, आणि चित्र काय ते नंतर ठरवायचं. चित्र डोक्यात धरून रंगवायला बसलीस तर हवी ती छटा कधीच येणार नाही आणि उगाच हिरमुसशील.

कापड म्हणजे आपला साधा मांजरपाट. इथल्या कापडबाजारात, चाटी गल्लीत मिळतो, तुझ्याकडेही मिळेलच. पण त्याला खळ असते, ती गेल्याशिवाय रंग आत शिरत नाही, म्हणून साबण आणि धुण्याचा सोडा घालून चांगला तासभर उकळायचा. पॉलिस्टर मिक्स असेल तर सगळी मेहनत वाया, मी वापरते ते रंग त्याला धरतच नाहीत. ओळखायचं कसं तर एक दोरा काढून जाळ, सुती दोरा कागदासारखा जळून राख होतो आणि पॉलिस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते.

रंग मी कोल्ड रिअॅक्टिव्ह वापरते, म्हणजे उकळावे न लागणारे. हे रंग १९५६ मध्ये बाजारात आले, त्याआधी सुती कापडाला असा थंड पाण्यात लागणारा, भडक आणि तरी पक्का रंग सहज मिळत नव्हता. यात रंगाचा कण सुताशी रासायनिक बंधच करतो, नुसता वर चिकटून बसत नाही, म्हणून धुऊन जात नाही. ते बंध होण्यासाठी सोडा अॅश लागतो, लिटरभर पाण्याला साधारण ५० ग्रॅम. मी कापड आधी सोड्याच्या पाण्यात भिजवून पिळून घेते, चुरगाळून बरणीत कोंबते आणि वरून थोडाच रंग ओतते. ढवळत नाही. पाणी कमी, कापड दाटीने बसलेलं, त्यामुळे रंग सगळीकडे सारखा पोचत नाही आणि तेच तर आपल्याला हवंय. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही हे तुला माहितीय, पण ही पद्धत अशा गावासाठीच असावी असं मला खरंच वाटतं. ऊनही कामाला येतं, एप्रिल-मे मध्ये इथे पारा चाळिशीच्या वर असतो, मग चार-पाच तासांत रंग लागतो, थंडीत मात्र रात्रभर ठेवावं लागतं. फक्त कापड ओलं राहिलं पाहिजे, वाळलं की क्रिया तिथेच थांबते, म्हणून बरणी झाकायची. शेवटी आधी थंड पाण्यात खळबळून मग कडक गरम साबणाच्या पाण्यात नुसतं बुडवून ठेवायचं, उरलेला रंग आपोआप सुटतो आणि पाण्याच्या बादल्या वाचतात. आणि हो, पूड कालवताना मास्क लाव, ती श्वासात गेलेली चांगली नाही, आणि स्वयंपाकाची भांडी अजिबात वापरू नकोस.

एकच रंग सहा बरण्यांत कर, प्रत्येक पुढच्या बरणीत आधीच्या निम्मा रंग. एका निळ्याच्या सहा पायऱ्या मिळतात. कोलाजमध्ये कुठला रंग आहे यापेक्षा तो किती गडद किती फिकट आहे यावर चित्र उभं राहतं, हे मला या बरण्यांनीच शिकवलं.

आता माझी सगळ्यात लाडकी गोष्ट, डाळिंबाची साल. आमचा जिल्हा डाळिंबाचा, ज्यूसवाल्याकडे साली फुकट मिळतात. वाळवून उकळल्या की मळकट पिवळा रंग येतो, तुरटी लावलेल्या कापडावर तो उजळतो. आणि गंजलेले खिळे गूळपाण्यात बरेच दिवस मुरवून ते पाणी त्या पिवळ्या कापडाला लावलं की बघता बघता करडं होतं, पार काळपटापर्यंत जातं, कारण सालीतलं टॅनिन, म्हणजे तिचा तुरटपणा ज्याने येतो ते द्रव्य, आणि लोखंड एकत्र येतं. कलमकारीतला काळाही लोखंड आणि गुळाचाच. मात्र लोखंड जास्त झालं तर कापड काही वर्षांत कुजतं, तेव्हा हात आखडता ठेव आणि नंतर नीट धू. हळद मी चित्रात वापरत नाही, उन्हाने उडते.

आणि छपाईसाठी इथे एक खजिनाच आहे. शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, चादरीच्या मागांवर जॅकार्डची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्राची, पंचकार्डं असतात, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या, एकेक पट्टी म्हणजे चादरीतल्या एकेका आडव्या धाग्याचा हुकूम. आता बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आले, जुनी कार्डं रद्दीत जातात. मी ती दोन्ही बाजूंनी वार्निश करून स्टेन्सिल म्हणून वापरते, बाइंडर (रंग कापडाला धरून ठेवणारा चिकट द्रव) मिसळलेला रंग स्पंजने टिपायचा, फार ओला नको नाहीतर भोकाखाली पसरतो. कापडावर ठिपक्यांच्या ओळी उमटतात. बघणाऱ्याला ते नुसते ठिपके, पण कुठल्यातरी मोराच्या पिसाऱ्यातला तो एक धागा असतो गं, मला ते फार मोठं वाटतं.

सध्या इथल्या १८७७ च्या जुन्या मिलचं, कापड गिरणीचं, चित्र करायलेय. धुराडं डाळिंब-लोखंडाच्या करड्याचं, मागे निळ्याच्या फिकट पायऱ्या, आणि भिंतींवर ही पंचकार्डाची छपाई. तुकडे चिकट बक्रमवर (इस्त्रीने चिकटणाऱ्या कडक अस्तरावर) इस्त्रीने बसवते आणि वरून गोधडीचा धावदोरा घालते. कडा दुमडत नाही, सुटलेले धागे तसेच राहू देते. नुसतं चिकटवलेलं चित्र सपाट दिसतं, टाका पडला की कापड जरा फुगतं आणि सावली धरतं, तेव्हा टाक्याचा कंटाळा करू नकोस.

पुढच्या आठवड्यात पार्सल पाठवते, सालीची पूड, निळ्याच्या सहाही छटा आणि थोडी कार्डं. तोवर तू जुनी धोतरं, पांढरे सुती परकर, चादरी असं काय काय सापडतंय ते काढून ठेव, खूप धुतलेलं कापड रंग सुरेख पितं. आणि पहिलं कापड रंगवलंस की वाळल्यावर त्याचा फोटो पाठव, ओलं असताना नको, ओला रंग नेहमी गडद दिसतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
माधुरी