ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र : युनिटचा भाव सांगताना घड्याळही सांगा

मा. ऊर्जामंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. हे पत्र सौरऊर्जेच्या विरोधात नाही आणि कोळशाची तळी उचलायलाही नाही. आमची मागणी हिशेबाची आहे. सौर वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते आणि नव्या औष्णिक प्रकल्पांचे देकार पाच-सहा रुपयांच्या घरात जातात, हे आता भाषणांमधून आमच्या पाठ झालं आहे. दोन्ही आकडे खरे मानू. पण ते प्रकल्पाच्या फाटकावरचे आहेत. फाटकाबाहेर जे सांडतं ते कुणाच्या खात्यावर पडतं, हे खानदेशाला वेगळं सांगायला नको. भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राची धुराडी आहेत, साक्री तालुक्याच्या माळावर पवनचक्क्या आहेत आणि त्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मिती या सरकारी वीजनिर्मिती कंपनीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे.

आधी कोळसा. माझी पाच एचपीची मोटर आठ तास चालली की तीसेक युनिट जळतात. एका युनिटला साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो आणि आपल्या देशी कोळशात ३० ते ४० टक्के राख असते. म्हणजे माझ्या बागेच्या एका पाळीच्या पाण्यासाठी वीस किलो कोळसा रेल्वेने आला आणि सहा-सात किलो राख मागे उरली. दीपनगरची राख वेल्हाळ्याच्या बंधाऱ्यात जाते. काही सिमेंटला जाते, काही विटांना, बाकीची पडून राहते आणि उन्हाळ्यात वारा सुटला की उडते. पाण्याचंही तसंच. केंद्राच्या नियमाने जुन्या औष्णिक केंद्राला युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत पाणी वापरता येतं. त्या हिशेबाने माझ्या तीस युनिटला शंभरेक लिटर झाले. हे पाणी हतनूर धरणातलं, म्हणजे तापीचं. त्यावर गावांच्या नळयोजना आहेत आणि शेतीही आहे. युनिटच्या भावात या राखेचं आणि पाण्याचं मोल किती धरलं, ते एकदा सांगा.

गंधकाच्या धुराचंही तेच. २०१५ मध्ये केंद्राने तो रोखायचे नियम केले. मग मुदतीवर मुदत वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना हा धूर रोखणारी यंत्रं बसवण्यातून सूटच मिळाली. खर्च वाचला म्हणून दर वाढला नाही, असं म्हणता येईल. दवाखान्याचं बिल वीजबिलात छापून येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता सौर. इथे मला आपल्या खात्याच्या उत्साहाची थोडी काळजी वाटते. २०१०-११ च्या सुमारास युनिटला दहा-बारा रुपये मोजावे लागत, तीच वीज २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडल्याला २ रुपये ४४ पैशांवर आली. ही घसरण अफाट आहे, वादच नाही. पण तो भाव दुपारचा आहे. संध्याकाळी सहा-साडेसहाला गावात दिवे, पंखे, टीव्ही एकदम सुरू होतात आणि तेव्हाच पॅनल झोपतात. मग दीपनगरसारखे संच वर आणावे लागतात. दुपारी सौर वीज घ्यायची म्हणून हेच संच ५५ टक्क्यांपर्यंत खाली दाबायचे आणि दिवेलागणीला पुन्हा वर चढवायचे. दाबलेला संच युनिटमागे कोळसा जास्त खातो. शिवाय वीज घेतली काय, न घेतली काय, संच तयार असला की त्याचा स्थिर आकार भरावाच लागतो. नांगराला जुंपला नाही म्हणून बैल कडबा खायचा थांबतो का? तो कडबा सौर विजेच्या तीन रुपयांत धरलेला नसतो. खरं तर औष्णिकच्या सहा रुपयांतला बराच भाग त्याचाच असतो, कारण संच जितका कमी चालेल तितका स्थिर आकार कमी युनिटांवर वाटला जातो. दोघांचा जमाखर्च असा एकमेकांत अडकलेला असताना दोन भाव शेजारी छापून लोकांना कुठला निष्कर्ष काढायला सांगता?

बॅटरीचं उत्तर मला माहीत आहे. २०२४ मध्ये सेकीने, म्हणजे केंद्राच्या सौरऊर्जा महामंडळाने, काढलेल्या निविदेत साठवणीसह सौर वीज साडेतीन रुपयांच्या आत मिळाली. छान झालं. पण ती साठवण प्रकल्पाच्या निम्म्या क्षमतेची होती आणि तीही दोन तासांची. दोन तासांत जेवणं उरकतात, रात्र तशीच राहते.

म्हणून म्हणतो, कोणती वीज स्वस्त हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणत्या वेळी आणि कशासाठी, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही. आणि ते जोडलं की पहिला नंबर शेतीचा लागतो. बागेला दिवसा पाणी दिलं की बॅटरी लागतच नाही, ओल जमिनीत साठते. शेतीला वीज पुरवणाऱ्या वाहिनीजवळच, म्हणजे फीडरजवळच, वीज तयार झाली तर वाहून आणताना होणारी गळती वाचते. रात्रपाळीची लाईट असली की टॉर्च घेऊन बागेत जायचं, स्टार्टर दाबायचा, पायाखाली काय आहे ते बघत नळ्या बदलायच्या. डीपीवर फ्यूज गेला तर अंधारात तिथवर चालत जायचं. साप, बिबट्या आणि झोप यांचा खर्च कुठल्या निविदेत असतो? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची शेतीला दिवसा वीज देण्याची दिशा म्हणूनच बरोबर आहे. साडेसात एचपीपर्यंत मोफत विजेसाठी सरकार वर्षाला १४ हजार ७६० कोटींचा भार उचलतं, तोही अशाच विजेने हलका होईल.

पण जपून. या योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आहे, म्हणजे एकरी पन्नास हजार. शिंदखेडा, पारोळ्याकडच्या कोरडवाहू कापसात खर्च वजा जाता एवढे सुटले तर शेतकरी पेढे वाटेल. जमीन नावावर राहते हेही मोठं आहे. धुळे जिल्ह्यातलं विखरण आठवतं ना? औष्णिक प्रकल्पासाठी घेतलेली जमीन पुढे सौरकडे वळली, आणि योग्य मोबदला मागत फिरलेल्या धर्मा पाटलांनी जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयातच विष घेतलं. तेव्हा भाडेपट्टाच ठेवा, सक्तीचं संपादन नको. आणि भाड्याने गेलेल्या वावरात निंदणी-वेचणीला जाणाऱ्या बायांचा रोज बुडतो, त्यांना भाड्यातला रुपयाही मिळत नाही. त्यांच्यासाठी योजनेत एक ओळ तरी लिहा.

दुसरी काळजी आमच्याच घरची. रावेर, यावल हे भूजलाचा अतिउपसा होणारे तालुके म्हणून सरकारी अहवालांत वर्षानुवर्षे आहेत. फुकटचं ऊन आणि दिवसभर चालणारी मोटर एकत्र आली की बोअर आणखी खाली जाणार. सौर पंप देताना ठिबकची आणि पुनर्भरणाची अट घाला. मी केळीवाला असून हे लिहितो आहे, म्हणजे गावात चार शिव्या खाईन.

दीपनगर लगेच बंद करा, असं मी म्हणणार नाही. दोन ५०० मेगावॉटचे संच आहेत, त्यात ६६० चा नवा आला. भुसावळची अर्धी उधारी तिथल्या कंत्राटी कामगारांच्या पगारावर फिटते. पण जो संच आपण संध्याकाळसाठी राखणार, त्याचा भाव संध्याकाळचा म्हणूनच सांगा.

विजेचे दर ठरवणारा नियामक आयोग स्वायत्त आहे, मान्य. पण महावितरण आणि महानिर्मिती या सरकारच्याच कंपन्या आहेत. त्यांनी पुढच्या दरप्रस्तावात दुपारची, संध्याकाळची आणि मध्यरात्रीची वीज कितीला पडली, न घेतलेल्या विजेचा स्थिर आकार किती भरला, राख आणि पाण्यावर किती खर्च झाला, हे मराठीत एका पानावर छापावं. आणि त्या प्रस्तावावर एक सुनावणी भुसावळला ठेवावी. वैशाखात ठेवली तरी चालेल, आम्ही येऊ.

आपला,
रावेर तालुक्यातील एक वीजग्राहक शेतकरी