गायमुख घाटातल्या मिस्त्रींना

मिस्त्री, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. माझ्या मोबाईलमध्ये तुम्ही 'गायमुख मिस्त्री' आहात, आणि त्याच्याच खाली 'गायमुख मावशी' असा एक नंबर आहे. त्यांचं पुढे सांगतो. तुम्ही रात्रीतून चार-पाच गाड्या सोडवत असाल, त्यातली माझी कुठली ते आठवणार नाही, म्हणून खूण देतो. श्रावणातली पावसाची रात्र, न्हावाशेवा बंदरातून ठाण्याच्या घोडबंदर रस्त्याने वापीला निघालेला चाळीस फुटी कंटेनर, मागचं डावं चाक जाम, आणि बरोबर केसांना लाल रंग लावलेला एकोणीस वर्षांचा पोरगा. तुम्ही त्याला 'टोमॅटो' म्हणत होता. तो माझा भाचा, बहिणीचा एकुलता एक.

फोनवर आभार मानले असते, पण 'ठीक आहे, ठीक आहे' म्हणून तुम्ही लगेच फोन ठेवता. म्हणून लिहून टाकतो. कुणी ना कुणी ड्रायव्हर हे तुम्हाला दाखवेलच.

त्या रात्री दीडच्या सुमाराला चढ संपता संपता हवेचा काटा खाली यायला लागला आणि गाडी जागेवर बसली. मागे हॉर्नची रांग. एक गाडीवाला काच खाली करून ओरडला, "साइडला घे ना!" त्याला काय सांगणार? ट्रेलरच्या ब्रेकचं गणित कारवाल्यांना उलटं वाटतं. हवा आहे तोवर चाक मोकळं, हवा गेली की आतली स्प्रिंग चाकाला धरून बसते. पंचवीस टन माल आणि जाम चाक, साइडला घेणार कसं? आणि साइड तरी कुठे आहे त्या घाटात? डाव्या हाताला नॅशनल पार्कचा डोंगर, उजव्या हाताला पलीकडे खाडी, मधे जेमतेम रस्ता. न्हावाशेवा बंदर १९८९ चं. तिथून गुजरातकडे निघालेला माल कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बायपास करत करत या चिंचोळ्यात येऊन अडकतो. दिवसा ठाण्यात अवजड गाड्यांना ठरलेले तास सोडले तर बंदी, त्यामुळे रात्री सगळेच एकदम सुटतात. त्यांच्या पुढ्यात माझी गाडी आडवी. आमच्यामुळे ज्यांची झोप गेली त्यांचा राग मला समजतो. शिव्या फुकटच्या नव्हत्या.

आता ज्यांना पैसे देऊन ठेवले होते त्यांचं ऐका. गाडी घेतली तेव्हा हप्त्याबरोबर एक रस्त्यावरच्या मदतीची योजनाही गळ्यात मारली होती. 'चोवीस तास, देशात कुठेही.' फोन लावला. बाई फार गोड बोलत होत्या. आधी गाडीचा नंबर, मग चासी नंबर, मग म्हणाल्या, "सर, तिथला पिनकोड?" घाटात पिनकोड! डोंगरावरच्या माकडाला विचारून सांगतो म्हणणार होतो, पण गप्प बसलो. शेवटी तक्रार नोंदवली गेली. माणूस काही आला नाही. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मेसेज मात्र आला, आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल म्हणून.

१०३३ हा मदतीचा नंबर राष्ट्रीय महामार्गाचा, आणि हा घोडबंदर रस्ता त्यात बसत नाही. ज्याने भाडं दिलं त्याला फोन केला, त्याचा पहिला प्रश्न, "कंटेनरचं सील शाबूत आहे ना?" एका क्रेनवाल्याने दोन किलोमीटर ओढायचे अठरा हजार सांगितले, तेही 'सकाळपर्यंत बघू' म्हणत. प्रत्येकाने विचारलं ते गाडीचं. गाडी कुठे आहे, गाडी किती टनाची आहे, गाडीत काय आहे.

तुमचा नंबर मोरीच्या कठड्यावर पांढऱ्या रंगात दिसला. 'ट्रेलर मिस्त्री, दिवसरात्र.' शेवटचा आकडा पावसाने पुसट झालेला, तीन की आठ कळेना. तीन लावला. पावणेदोन वाजलेले, पलीकडे एका बाईंचा झोपेतला आवाज. मी सॉरी म्हणायच्या आत त्याच म्हणाल्या, "मिस्त्री पाहिजे ना? शेवटी आठ लावा. आणि सांभाळून हो, पाऊस आहे." म्हणजे त्यांना असे फोन नेहमीच येत असणार. त्या माउलीने ना नंबर बदलला, ना कुणाला झापलं.

मग तुम्ही उचललात. मी सवयीने हिंदीत सुरू झालो, ट्रेलर बिघडला, हवा नाही, गायमुखचा चढ. तुम्ही मधेच तोडलंत.

"गाडी छोड़ो. आप किधर खड़े हो?"

मला प्रश्नच कळला नाही. मी परत गाडी कुठे आहे ते सांगायला लागलो. तुम्ही पुन्हा तेच. "गाडी नाही, तुम्ही. तुम्ही स्वतः कुठे उभे आहात?" (इथे तुम्ही मराठीवर आलात. दोघं मराठी, आणि अर्धा फोन हिंदीत. या रस्त्यावर असंच.) तेव्हा मी पहिल्यांदा आजूबाजूला बघितलं. मी दोन गाड्यांच्या मधे, रस्त्यात. आणि पोरगा ट्रेलरच्या मागे, दगड रचून, झाडाची फांदी टाकून तिच्याशेजारी, मोबाईलचा टॉर्च हलवत. मीच त्याला तिथे उभं केलं होतं. बावीस वर्षं गाडी चालवतोय मी, मिस्त्री.

"त्याला आधी बोलवा. डोंगराच्या बाजूला, गटाराच्या पलीकडे, गाडीच्या पुढच्या अंगाला उभे राहा दोघं. केबिनमध्ये पण बसू नका."

मी म्हटलं, तिकडे अंधार आहे, बिबट्या-बिबट्या म्हणतात.

"बिबट्या परवडला. मागून येणारा टँकर नाही परवडत."

मी हसलो नाही, पण पोराला हाक मारली. तो कुरकुरत आला, चिखलात पाय बुडाला म्हणून मलाच बोलला. पंधरा मिनिटं झाली असतील. एक टँकर वळणावरून आला, शेवटच्या क्षणाला त्याला माझा ट्रेलर दिसला, हॉर्न दाबत, टायर घासत बाजूने निघून गेला. कुणाला काही झालं नाही. फक्त ती फांदी पार चिरडली, आणि एक दगड उडून गटारात पडला. पोरगा माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे बघितलं नाही. बहिणीला ही गोष्ट अजून सांगितलेली नाही.

सव्वादोनला तुम्ही आलात, स्कूटरवर, पायांत हत्यारांची पेटी. आल्या आल्या गाडीकडे गेला नाहीत. आधी मागे लांब, वळणाच्याही पलीकडे चालत जाऊन लुकलुकणारा लाल दिवा ठेवलात. माझ्याकडचा इशाऱ्याचा त्रिकोण सीटखाली तुटून पडलेला होता, ते तुम्हाला सांगायची लाज वाटली. चाकांना ठोकळे लावून मग खाली शिरलात. बूस्टर, म्हणजे चाकाजवळचा ब्रेकच्या हवेचा डबा, फाटलेला. बोल्ट कसून स्प्रिंग मागे घेतलीत, त्या चाकाची हवा बंद केलीत, बाकीच्यांना हवा भरू दिली. मला काही करू दिलं नाहीत. टोमॅटोला मात्र शेजारी बसवून पाने मागत होता आणि कुठला पाना कशाला ते सांगत होता. तो आता बूस्टर म्हणजे काय हे मला शिकवतो.

गाडी सुटली तेव्हा तीन वाजत आले होते. मी लगेच गिअर टाकायला निघालो. तुम्ही म्हणालात, थांबा. आणि आम्ही मागे रचलेले दगड एकेक उचलून गटारात टाकायला लागलात, पावसात, वाकून. "आपण जातो, दगड राहतात. सकाळी दुचाकीवाला येतो त्यावर." आमच्या धंद्यात हे कोण करतं? मी कधी केलेलं नाही. किती ठिकाणी किती दगड ठेवून आलोय देव जाणे. त्या रात्री त्या प्रत्येकाची आठवण झाली. पोरगा तुमच्याबरोबर उचलायला लागला, मग मीही उतरलो.

माणुसकी, माणुसकी म्हणून सारखे संदेश येतात मोबाईलवर, उगवत्या सूर्याच्या चित्रासकट. मला ती तीन वाजता दगड उचलताना दिसली, आणि तिच्या अंगावर फाटका रेनकोट होता. जास्त लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही.

पैसे तुम्ही दीड हजार सांगितले. मी दोन दिले, तर पाचशे परत माझ्या खिशात कोंबलेत आणि म्हणालात, पोराला बूट घ्या, चपलेवर गाडीखाली येतो. बूट घेतले. तो केसांना रंग लावायचाही थांबलाय, पण त्याचं श्रेय तुमचं नाही, मुलगी बघायला सुरुवात झालीय.

निघताना माझी एक टेललाइट बंद असल्याचं तुमच्या ध्यानात आलं. तो लाल दिवा तुम्ही तारेने ट्रेलरला बांधलात आणि उतारभर स्कूटर माझ्या मागे ठेवून फाउंटन हॉटेलच्या नाक्यापर्यंत आलात. एका चाकाला ब्रेक नसताना मी दुसऱ्या गिअरवर कसा उतरलो ते मला आठवत नाही, आरशात तुमचा हेडलाइट होता एवढं आठवतं. सकाळी नवीन बूस्टर बसवला. टेललाइट आणि त्रिकोणही त्याच दिवशी घेतले.

दिवा अजून माझ्याकडेच आहे. नंतर दोनदा त्या वाटेने गेलो, पण घाटात थांबायचं नाही हे तुम्हीच सांगितलंय. फाउंटनला चहाच्या टपरीवर ठेवून देऊ का? चार्ज केलेला आहे. आणि पुढच्या खेपेला पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन येतोय. दिवसाउजेडी पायी चढून येऊ, मी आणि टोमॅटो. मोरीवरचा तो आठ नीट काढून देतो, म्हणजे मावशींना झोपता तरी येईल.

तुमचा,
श्रावणातला कंटेनरवाला