त्या तिघांचे आभार

गेल्या रविवारी बाबांची जुनी येझदी मोटरसायकल घेऊन त्र्यंबकला निघालो होतो. सातपूर ओलांडलं आणि पँट मांडीपाशी ओली लागली. टाकीच्या तळातून पेट्रोलची धार, तीही तापलेल्या इंजिनावर. हातपायच गळाले.

समोर चहाची टपरी. तिथल्या मावशींनी वास येताच शेगडी बंद केली, भरल्या गिऱ्हाइकाच्या वेळी, आणि विडी ओढणाऱ्या दोघांना लांब पिटाळलं. तासभर त्यांनी शेगडी पेटवली नाही. एक रिक्षावाले दादा कपड्याच्या साबणाची वडी घेऊन आले, गळतीवर घासघासून ती भोकात दाबली. धार थांबली! मग दोर बांधून गाडी नाशिकच्या द्वारका चौकापर्यंत ओढत नेली. पैसे विचारले तर हात जोडून निघून गेले.

तिथले रेडिएटर दुरुस्त करणारे काका. टाकी उतरवून रिकामी केली, सोड्याच्या गरम पाण्याने तीनदा धुतली, आत खडी घालून गंज खळखळवून काढला. नंतर टाकी पाण्याने भरूनच भोकावर कथिल वितळवून लावलं, कारण रिकाम्या टाकीत उरलेली वाफ भडकते. टाकीवर बाबांनी स्वतः ब्रशने रंगवलेलं आईचं नाव आहे. मी काही बोललोही नव्हतो. काकांनी ओलं फडकं त्या अक्षरांवर अंथरलं आणि काम संपेपर्यंत दर दोन मिनिटांनी ते भिजवत राहिले.

अक्षरं जशीच्या तशी आहेत. मावशी, दादा, काका, तुमची नावं विचारायची राहिली. मनापासून आभार.