आई-बाबा, प्रवेश घेतला आहे

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आईचा आवाज बारीक होतो आणि मी भलतंच काहीतरी बोलून फोन ठेवते, म्हणून लिहितेय. अकाउंट्सची नोकरी मी सोडली आहे. कॉम्प्युटर इन्फर्मेशन सिस्टीम्सच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, फी भरली, वर्गही सुरू झाले. बाबांना वाईट वाटेल, ठाऊक आहे. पण आधी विचारलं असतं तर काळजीपोटी तुम्ही 'थांब' म्हणाला असतात, आणि तुमचा शब्द मोडणं मला जमलं नसतं.

"लागलेली नोकरी सोडून या वयात पुन्हा पाटी-दप्तर?" आई, आजवरचं काही वाया जात नाही गं. कॉम्प्युटर सायन्समध्ये यंत्र आणि गणित खोलात शिकतात. माझ्या अभ्यासक्रमात कचेरीत, दवाखान्यात, कारखान्यात माहिती कुठून येते, कोणाकडे जाते, कुठे अडते हे समजून घेऊन त्यासाठी यंत्रणा उभी करायला शिकवतात. प्रोग्रामिंग आहे, नेटवर्क आहे, आणि हिशेब नि व्यवस्थापनही आहेच.

बाबा, तुम्हाला एक सांगायचंच आहे. डेटाबेसच्या वर्गात दवाखान्याचा एक तक्ता दिला होता. रुग्ण जितक्या वेळा आला तितक्या ओळी, आणि प्रत्येक ओळीत त्याचा फोन नंबर. नंबर बदलला, एका ओळीत दुरुस्त केला, बाकीच्या तशाच राहिल्या. आता खरा कोणता? म्हणून रुग्णांचा तक्ता वेगळा, भेटींचा वेगळा, आणि दोन्हींना जोडणारा एक क्रमांक. तक्त्यांची ही पद्धत संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० मध्ये मांडली. हिशेबाच्या कितीतरी यंत्रणा आजही तिच्यावरच उभ्या आहेत. मग ट्रान्झॅक्शन शिकवलं. एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा व्हायच्या आत वीज गेली, तर पहिली नोंदही रद्द होते. होतील तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. मला तुमची खतावणी आठवली. मेळ जुळेपर्यंत तुम्ही अंथरुणाला पाठ टेकायचा नाहीत, आणि मी तुमच्या मांडीवर डोकं ठेवून तुमचे पुटपुटलेले आकडे ऐकत झोपून जायचे.

पुढचंही ठरवलंय. सिस्टीम ॲनालिस्ट, डेटाबेस, सायबर सुरक्षा, वाटा पुष्कळ आहेत. हेल्पडेस्कपासून सुरुवात करावी लागली तरी चालेल. लोक नेमके कुठे अडतात ते तिथेच कळतं. पण माझा ओढा आयटी ऑडिटकडे आहे. पैसे देण्याची नोंद करणारा आणि ती मंजूर करणारा एकच माणूस तर नाही ना, सोडून गेलेल्याचं लॉगिन अजून चालू आहे का, बॅकअप घेतात पण त्यातून माहिती परत काढून कोणी पाहिली आहे का, असलं बघायचं. अकाउंट्सवालीची नजर तिथे कामाला येते. आयटी ऑडिटरसाठी सीसा (CISA) नावाचं प्रमाणपत्र असतं. त्याची परीक्षा आधी देता येते, प्रमाणपत्र मात्र ५ वर्षांच्या अनुभवावर मिळतं, शिक्षणाबद्दल थोडी सूट असते. एआय नोकऱ्या खाणार म्हणून बाबा धास्तावलेत. साचेबद्ध काम कमी होईल, हे मलाही दिसतं. पण नोंदच चुकीची असेल तर उत्तरही चुकीचंच येणार, आणि ते पकडून त्याची जबाबदारी घेणारं माणूस लागणार. म्हणून तर ही बाजू निवडली.

माझी खोली उजेडाची आहे. पाठीला आधार देणारी खुर्ची घेतली आहे. दर २० मिनिटांनी २० सेकंद लांब बघते, आई, चष्म्याचा नंबर वाढलेला नाही. जेवण वेळेवर, झोपही. शिल्लक आधीच बाजूला काढली होती, आणि तुमच्या औषधांचे पैसे पूर्वीसारखेच माझ्या खात्यातून जातील. त्यात काटकसर करायची नाही, अर्धी गोळी तर मुळीच नाही!

आता नीट ऐका. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, बँकेतून बोलतोय म्हणाला तरी. कोणी ॲप घ्या, स्क्रीन दाखवा म्हणालं की फोन ठेवायचा. बाबा, समोरच्याला वाईट वाटेल म्हणून तुम्ही ऐकत बसता, ते बंद. कॅलेंडरच्या मागे लिहिलेला पासवर्ड आजच खोडा. नवा आपण फोनवर मिळून ठेवू. आई, गुडघा डॉक्टरांना दाखव आणि रिपोर्टचा फोटो पाठव, नुसतं "बरं आहे" नको.

दादाला तुम्हीच सांगा, त्याच्या वेळचं काही न काढता. या सुट्टीत प्रोजेक्टमुळे येता येणार नाही, परीक्षा झाली की लगेच निघते. तोवर रागावलात तरी चालेल, पण रविवारी फोन उचला.

तुमची,
मनू