दिवाळीला तुम्हीच इकडे या

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

तिकिटं काढली आहेत. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे बाबा रागवायला मोकळे. नवीन कॉन्ट्रॅक्टवर सही केलीय आणि दिवाळीत जहाजांची कामं थांबत नाहीत. येऊन चार दिवसांत पळण्यापेक्षा तुम्ही इथे सायप्रसला, लिमासोलमध्ये महिनाभर राहिलात तर बरं, असा मी विचार केला. पैशांचं बघितलंय, विमाही झालाय. काकूंच्या वेळी जे झालं त्यानंतर मला हे पुढे ढकलायचं नाही.

आणि आई, तुला लेफकारा दाखवायचंय. ट्रोडोस डोंगराच्या दक्षिण उतारावरचं गाव, दगडी घरं, लाल कौलं. बायका दारात खुर्ची टाकून, मांडीवर उशी घेऊन लिननवर भरतकाम करतात. आधी कापडातले धागे मोजून उपसायचे, मग उरलेल्यांची जाळी बांधायची. नागमोडी नक्षीला तिथे नदी म्हणतात. पूर्वी मुलींच्या हुंड्यासाठी हे व्हायचं आणि पुरुष गाठोडी घेऊन युरोपभर विकत फिरायचे. 2009 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. 1481 साली लिओनार्दो दा विंची इथून मिलानच्या चर्चसाठी कापड घेऊन गेला, असं गावकरी सांगतात. बाबा, पुरावा मागू नका, दंतकथाच आहे. दुकानात स्वस्त मिळतं ते बहुतेक मशीनचं, म्हणून आपण हातात सुई असलेल्या आजीकडूनच घेऊ. माझ्या फ्रॉकची तू भरलेली कॉलर अजून तुझ्या कपाटात आहे, मला माहितेय. ती घेऊन ये. ती आजी आणि तू, भाषेशिवाय तासभर बोलाल.

बाबा, गुडघ्याची काळजी नको. गल्ल्या चढाच्या आहेत, पण गाडी वरपर्यंत जाते आणि पुढे उतारावरून हळूहळू जायचं, दर वळणावर कॉफीचं दुकान आहे. इंग्रजांचं राज्य 1960 पर्यंत होतं, त्यामुळे गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात. तुम्हाला बसल्या बसल्या ब्रेक दाबायची सवय आहे, ती तशीच चालेल. जेवायचं म्हणाल तर इथे चवळी पालेभाजीबरोबर उकडून वर लिंबू आणि ऑलिव्हचं तेल घालतात. तिखट नसतं, एवढंच. वरणभात घरी मी करीनच, कुकर आहे.

आता ऐका. बीपीच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत. विमानतळावर व्हीलचेअर सांगितली आहे. आजारी म्हणून नव्हे, रांगा चुकवायला. नाही म्हणायचं नाही. आईने भाजणीचा एकच डबा आणायचा, मग भले चकल्या कमी होवोत. डोंगरावर संध्याकाळी गार होतं, स्वेटर घ्या, माझा जुना निळा चालेल. गुडघ्याचे व्यायाम आजपासून, रविवारी फोनवर मी मोजणार आहे.

तुमची,
चिमी