'तुकारामी' हे हसण्याचं नाव नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला शास्त्रीय नावांच्या गमतीजमतींचा लेख वाचला आणि रात्री झोप लागेना, म्हणून लिहिते आहे.

ऑस्ट्रेलियातल्या गांधीलमाशीचं 'आहा हा' हे नाव अर्नोल्ड मेंके यांनी १९७७ साली गमतीनेच ठेवलं, त्याला खुशाल हसावं. डोक्यावर पिवळट खवले म्हणून एका पतंगाला २०१७ मध्ये ट्रम्प यांचं नाव मिळालं, त्यालाही हसा. पण त्याच चौकटीत, त्याच रांगेत 'आयसियस तुकारामी' हे एका कोळ्याचं नाव बसवताना कुणाचाच हात अडखळला नाही?

माझा तिसरीतला नातू लेख मोठ्याने वाचत होता. 'तुकारामी'वर आला आणि खो खो हसत सुटला. त्याला काय बोलणार? ओंबळे हे आडनाव लेखात कुठे नव्हतंच. मी त्याला जवळ बसवलं. म्हटलं, लॅटिनमध्ये पुरुषाच्या नावाला शेवटी 'ई' लावली की अर्थ होतो 'त्याचा'. तुकारामी म्हणजे तुकारामांचा. हे तुकाराम म्हणजे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांच्या हातात नुसती लाठी होती. अंगावर गोळ्या झेलल्या, पण कसाबची बंदूक सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला. त्या रात्री मी माहेरी, गिरगावातच होते. दारं-खिडक्या लावून आम्ही सगळे एका खोलीत बसलो होतो. चौपाटीवर काय घडलं ते नंतर कळलं तेव्हा माझ्या आईने देवापाशी दिवा लावला. हे सगळं नातवाला सांगितलं. त्याने लेख परत उघडला नाही.

ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या या कोळ्याला संशोधकांनी २०२१ मध्ये ओंबळे यांचं नाव दिलं. हा उड्या मारणारा कोळी. भक्ष्यासाठी जाळं लावून बसत नाही, थेट झेप घेतो. मला तर हे नाव अगदी योग्य जागी पडलंय असं वाटतं.

आणि मथळ्यात 'कीटकांची नावं' कशी काय? कोळ्याला आठ पाय असतात, कीटकाला सहा. एकतीस वर्षं मी हे वर्गात शिकवलं. दुरुस्ती छापाल तेव्हा हे छापाच, पण त्याआधी ओंबळे यांचं पूर्ण नाव पदासकट छापा.

– एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, ठाणे