भाऊकाकांचे आठ दिवस

खारघर, रविवार रात्र

ती. आई आणि बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा आई, तू "जेवलीस का गं" विचारलंस आणि पुढचं माझ्या तोंडातून फुटेना. म्हणून लिहायला बसले. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा. नेहमीसारखं आईला मोठ्याने वाचून दाखवू नका, घशाला ताण नको. आईलाच वाचू दे. त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे.

ठाण्यातल्या त्या हॉस्पिटलला मी नकार कळवला. गेल्या सोमवारीच. घरापासून चालत दहा मिनिटं, पगार दुपटीहून जास्त, रविवार पूर्ण सुट्टी, सगळं मला दिसत होतं. आई, तू समोरच्या काकूंना पेढे देऊन आलीस हेही मला कळलंय, आणि ते कळल्यापासून घास गोड लागत नाहीये. आणि दुसरी गोष्ट, एक तारखेपासून मी इथेच, खारघरला, माझ्या टाटाच्या कॅन्सर हॉस्पिटलजवळ भाड्याने घर घेतलंय. डिपॉझिट भरून झालं. आधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्ही "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणाला असता आणि मी ठाण्यातच राहिले असते.

रागावू नका. निदान पूर्ण वाचून मग रागवा.

मी नेमकं काय करते हे मी तुम्हाला कधी धड सांगितलंच नाही. "कॅन्सरवाल्यांना शेक देते" एवढ्यावर आपलं भागत आलं. शेक म्हणजे रेडिएशन, किरणांचा उपचार. आमच्याकडे येणारे निम्मे लोकही शेकच म्हणतात, कुणी लाईट म्हणतं. तोंडाच्या, जिभेच्या, घशाच्या कॅन्सरला नुसता शेक द्यायचा असेल तर साधारण 35 वेळा द्यावा लागतो. आठवड्यातून पाच दिवस, असे सात आठवडे. ऑपरेशननंतर असेल तर बहुतेक वेळा 30. पहिल्याच आठवड्यात सगळं देऊन टाकता येत नाही, कारण चांगल्या पेशींना रोज रात्रभर सावरायला वेळ द्यावा लागतो.

त्याआधी मुखवटा करतात. जाळीदार प्लॅस्टिकची पांढरी शीट गरम पाण्यात सोडली की ओल्या फडक्यासारखी लुळी पडते. ती टिपून माणसाच्या चेहऱ्यावरून खांद्यापर्यंत ताणायची आणि टेबलाला अडकवायची. थोड्याच वेळात घट्ट होते. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं जसंच्या तसं उमटतं. मग रोज त्याच मुखवट्यात डोकं अडकवून झोपायचं, म्हणजे मान जराही हलत नाही. गेल्या महिन्यात जालन्याकडचे एक शेतकरी होते, तुमच्याच वयाचे. मुखवटा लावला की त्यांना गुदमरल्यासारखं व्हायचं. डोळ्यांपुरती जाळी कापून दिली. मशीन सुरू झालं की खोलीत कुणालाच थांबता येत नाही, म्हणून दार लागेपर्यंत मी त्यांचा हात धरून उभी राहायचे. सातव्या दिवशी त्यांनी स्वतःच "जा आता, डॉक्टरीणबाई" म्हणून हात सोडला.

चौथ्या आठवड्यात त्यांचा मुखवटा सैल झाला. म्हणजे जेवण तुटलं होतं. तोंड सोलवटलेलं, चव गेलेली, गिळताना डोळ्यांत पाणी, आणि घरी कुणाला सांगितलं नव्हतं. आम्ही नाकातून नळी घातली, पुन्हा स्कॅन केला, नवा मुखवटा, नवा आराखडा. आराखडा म्हणजे स्कॅनच्या एकेका चकतीवर बसून रेषा काढायच्या. इथे गाठ, इथे मज्जारज्जू, इथे कानाजवळची लाळग्रंथी, इथे गिळायचे स्नायू. माझं संशोधन याच शेवटच्या दोन गोष्टींवर आहे: गाठीला पूर्ण डोस मिळूनही माणसाला लाळ राहिली पाहिजे आणि भाकरी गिळता आली पाहिजे.

हे मी कुठून आणलं ते तुम्हाला ठाऊक आहे. कॅन्सरचा शेक घेणाऱ्या भाऊकाकांच्या उशाशी तो पितळी तांब्या असायचा. रात्री दर अर्ध्या तासाला घोट घेतल्याचा आवाज यायचा. आई, तू त्यांच्यासाठी मुगाचं कढण गाळून गाळून पाण्यासारखं करायचीस, आणि ते म्हणायचे, "वहिनी, एकदा कोरडी भाकरी चावून बघायचीय." 1994 साल, मी सहावीत होते. त्या वेळच्या कोबाल्टच्या मशीनवर दोन्ही बाजूंच्या लाळग्रंथी शेकात यायच्याच, त्यांना वगळायची सोयच नव्हती. आता आहे. बाबा, तुम्हाला आकड्यांशिवाय पटत नाही म्हणून सांगते. 2011 मध्ये ब्रिटनमधल्या एका चाचणीचे निकाल आले. जुन्या पद्धतीच्या शेकानंतर वर्षभराने 100 पैकी 74 जणांचं तोंड त्रास होण्याइतकं कोरडं होतं. लाळग्रंथी वाचवणाऱ्या नव्या पद्धतीत 38. आपल्या टाटाच्या डॉक्टरांनीही मुंबईतल्या 60 पेशंटवर असंच ताडून बघितलं आणि 2012 मध्ये छापलं, तिथेही लाळेचा फायदा दिसला. 38 सुद्धा मला जास्तच वाटतात. ते आणखी खाली आणायचेत.

आता जे बोलायला मला तीस वर्षं लागली ते. गौरी-गणपतीला भाऊकाका आठ दिवस गावी गेले आणि शेक मध्येच राहिला. एसटीचं भाडं तुम्ही दिलं होतंत. बाबा, तुम्ही ते अजून मनात धरून बसलाय हे मला माहीत आहे. तेव्हापासून तुम्ही गणपतीला गावी गेला नाहीत.

शेकात खाडा पडला की नुकसान होतं, हे खरं आहे. साधारण चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या कॅन्सरच्या पेशी जास्त वेगाने वाढायला लागतात. उपचार एक दिवस लांबला तर गाठ आटोक्यात येण्याची शक्यता एखाद-दुसऱ्या टक्क्याने कमी होते. पण हा हिशोब शेकडो माणसांचा मिळून असतो. एका माणसाबद्दल असं बोट ठेवून कुणालाही सांगता येत नाही, मलाही नाही. भाऊकाकांची गाठ मोठी होती, मानेत उतरलेली होती. आणि आपल्याला त्या वेळी हे कुणी समजावून सांगितलंही नव्हतं. तुम्ही भावाला सणाला घरी पाठवलंत. ते परत आले तेव्हा पहिल्यांदा हसत होते, आठवतंय ना? मी त्या जागी असते तर मीही भाडं दिलं असतं.

म्हणून मला इथे राहायचंय. कुणाचा दिवस बुडला, मशीन बंद पडलं, की तो भरून काढावा लागतो. शनिवारी बोलवायचं, नाहीतर एकाच दिवशी दोनदा, मध्ये निदान सहा तास सोडून. सकाळचा पहिला पेशंट ते रात्रीचा शेवटचा. ठाण्याहून पनवेल लोकल, पुढे रिक्षा, ते मी इतकी वर्षं केलंच. पण परवा रात्री साडेअकराला घरी पोहोचले तेव्हा आई, तू दुखऱ्या गुडघ्याने आमटी गरम करायला उठलीस. ते मला आणखी बघवणार नाही.

परदेशात जात नाहीये, एवढं तरी बघा. तिकडच्या पत्राला मी उत्तरही दिलं नाही. तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट इथे आहेत, त्यांचं औषधही इथेच शोधायला हवं. शेकाबरोबर नेहमी सिस्प्लॅटिन हे औषध देतात. ज्यांची किडनी किंवा कान ते सोसू शकत नाहीत, त्यांना शेकाबरोबर डोसिटॅक्सेल हे जुनंच औषध दिलं तर फायदा होतो, हे 2023 मध्ये टाटाच्याच लोकांनी दाखवलं. दोन वर्षांनी हयात असणारे 42 टक्क्यांच्या आसपास होते, ते 51 च्या जवळ गेले. खारघरला त्याच वर्षी प्रोटॉनचा शेकही, म्हणजे नेहमीच्या किरणांऐवजी प्रोटॉन कणांचा, सुरू झाला. बाबा, एकदा तुम्हाला लांबून का होईना ती इमारत दाखवीन.

माझी काळजी करू नका. घर दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, पाणी चोवीस तास. खिडकीतून डोंगर दिसतो, पावसात पांडवकड्याचा धबधबाही दिसेल म्हणतात. खाली भाजीवाली बसते, तिच्याकडे आपल्यासारखी अंबाडी मिळते. डबा लावलाय, पण वरण-भात मी घरीच करीन. तुमच्याकडे पोळ्यांच्या मावशी आता दोन्ही वेळा येतील, बोलून झालंय, पैशांचं तुम्ही बघायचं नाही. गोळ्यांची सात खणांची डबी दर रविवारी येऊन मी भरीन. दर रविवारी म्हणजे दर रविवारी. बाबा, माझ्या लहानपणी तुम्ही वागळे इस्टेटमधून दुसरी पाळी संपवून यायचात आणि रविवारी झोप मोडून मला तलावपाळीला होडीत बसवायचात. होडी हलली की मी तुमची कॉलर घट्ट पकडायचे.

गेल्या रविवारी ती कॉलर मला सैल दिसली.

आणि आवाज बसलाय तो आता महिना होत आला. तुम्ही म्हणता सर्दी. असेलही, बहुतेक वेळा सर्दी नाहीतर पित्तच निघतं. पण आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसला तर दुर्बिणीने बघायचं असतं, हा नियम मी रोज दुसऱ्यांच्या वडिलांना सांगते. दोन मिनिटांचं काम, नाकातून बारीक नळी. आणि समजा काही निघालंच, तर आवाजाच्या पट्टीवरची सुरुवातीची गाठ नुसत्या शेकानेही बहुतेकांची पूर्ण बरी होते. हे मी धीर द्यायला म्हणून सांगत नाहीये, हे माझं रोजचं काम आहे.

आई, तू मिश्री सोडलेली नाहीस. निळी डबी देवघरामागच्या फळीवर, कापसाच्या पुड्याखाली असते. मी ती बघून परत तशीच ठेवली होती. आता ती टाक. सकाळी पोट साफ होत नाही म्हणशील, त्यावर औषध देते, पण मिश्री नाही. आणि आरशासमोर उभं राहून तोंड नीट उघडतं का, तीन बोटं उभी जातात का बघ. गालाच्या आत पांढरा, लाल चट्टा, जिभेला लागणारं खरखरीत काही, असेल ते फोनवर खरं सांग. मी ओरडणार नाही.

बाबा, मंगळवारी साडेदहाची वेळ घेतलीय, राम मारुती रोडला, नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे. "नंतर बघू" चालणार नाही. जिने चढू नका, मागच्या बाजूला लिफ्ट आहे. त्या दिवशी माझे पेशंट सहकारी सांभाळतेय, कुणाचा खाडा होणार नाही. मी सव्वादहाला दारात असेन. येताना जुने रिपोर्ट आणा, आणि आई, तूही ये, एकटी घरी बसून राहू नकोस.

तुमची,
मनू